भाचीचा सातबारा

आमच्या यवतमाळात कुणी डॉक्टर आहे असे कळले की लोक नाडी दाखवायला हात पुढे करतात. माझ्या भाचीने पीएच. डी.साठी नाव नोंदवल्याची बातमी वाड्यात पसरली तेव्हा शेजारच्या काकूंनी पहिला प्रश्न केला, "दवाखाना कुठं टाकणार मग?" ती औषधांची नव्हे, माहितीची डॉक्टर होणार आहे, असे मी सांगितले. काकू म्हणाल्या, "माहितीसाठी डॉक्टर कायले पाहिजे जी? आम्ही आहोत ना!" माझ्या घरी काल रात्री कोणती भाजी होती हे काकूंना माझ्याआधी ठाऊक असते. तेव्हा मी गप्प बसलो.

भाचीचा विषय होता 'यवतमाळ जिल्ह्यातील भूमी अभिलेखांची संगणकीकृत माहिती प्रणाली : एक चिकित्सक अभ्यास'. यातले 'एक चिकित्सक अभ्यास' हे शेपूट लावल्याशिवाय प्रबंधाला उभे राहता येत नाही. मुख्य धड मात्र माझ्यामुळे आले, अशी माझी समजूत आहे. आमचे वडील पटवारी. हा जिल्हा १९०५ पर्यंत वणीच्या नावाने, म्हणजे साहेबाच्या स्पेलिंगात 'वून' म्हणून, ओळखला जाई. तेव्हापासून राज्यकर्ते बदलले, प्रांत बदलले, १९५६ साली आम्ही मुंबई राज्यात गेलो, १९६० साली महाराष्ट्रात आलो, कागदावर पटवाऱ्याचा तलाठी झाला. पण लोकांच्या तोंडी तो आजही पटवारीच. वडिलांची माहिती प्रणाली एका लाल फडक्यात बांधलेली असे. ती कधी 'डाऊन' गेल्याचे आठवत नाही. फक्त एकदा उंदराने कुरतडली होती.

भाचीला वाटले होते, आता तीन-चार वर्षे निवांत वाचन. पण विद्यापीठ अनुदान आयोगाने ते सुख ठेवलेले नाही. पूर्वी विद्यार्थी मार्गदर्शकाच्या घरची भाजी आणून देता देता प्रबंध पुरा करी आणि एकदम तोंडी परीक्षेलाच उभा राही. २००९ च्या नियमांनी ठरवले की प्रबंध देण्याआधी विभागात सर्वांसमोर सादरीकरण करायचे आणि लोकांच्या सूचना ऐकून घ्यायच्या. २०१६ च्या नियमांनी दर सहा महिन्यांनी सल्लागार समितीपुढे उभे राहून प्रगती सांगायला लावली. २०२२ च्या नियमांतही दर सत्राला हे दर्शन आहेच. म्हणजे शाळेतली सहामाही सुटली म्हणून जी मुलगी पेढे वाटून बसली होती, ती पुन्हा सहामाहीला बसली.

पहिल्या सादरीकरणाला मी तिच्याबरोबर गेलो. पाहुणा म्हणून मागच्या बाकावर बसायची परवानगी मिळाली. समोर ज्येष्ठ मंडळी. एक सर प्रत्येक पडद्यावरचे शुद्धलेखन तपासत होते. दुसऱ्या बाई 'सॅम्पल साइज' एवढे दोनच शब्द घेऊन आल्या होत्या आणि ते त्यांनी पुरवून पुरवून वापरले. तिसरे सर विचारीत, "माझा अमुक साली प्रसिद्ध झालेला लेख पाहिलात का?" आणि चौथे, सर्वांत वयस्कर, शांतपणे झोपले होते. भाचीच्या पायाला कंप सुटलेला मला मागून दिसत होता.

हा कंप काही नवा नाही. १९१६ सालच्या ९ मे रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांचा एक मराठी विद्यार्थी असाच निबंध घेऊन उभा राहिला होता. विषय : भारतातील जातिसंस्था, तिची यंत्रणा, उगम आणि विकास. विद्यार्थ्याचे नाव भीमराव आंबेडकर. वर्गात वाचलेला तो निबंध पुढच्या वर्षी 'इंडियन अँटिक्वरी'त छापून आला आणि आजही वाचला जातो. पण म्हणून पुढचा रस्ता काही सोपा झाला नाही. लंडनला त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध दिला, तेव्हा परीक्षकांनी १९२३ साली तो दुरुस्त करून आणायला सांगितला. त्यांनी तो पुन्हा लिहून दिला आणि त्याच वर्षी पदवी घेतली. त्यातली गंमत मला फार आवडते : त्या पुस्तकाला प्रस्तावना त्यांचे गुरू एडविन कॅनन यांचीच आहे, आणि तीत गुरूंनी शिष्याची बरीच मते आपल्याला पटत नसल्याचे सरळ लिहून टाकले आहे. आमच्याकडे न पटणारा गुरू प्रस्तावना लिहीत नाही, सही अडवतो.

भाचीचे शास्त्र मात्र त्या मानाने कालचे पोर. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात गॉर्डन डेव्हिस यांनी १९६८ च्या सुमारास या विषयाची पदव्युत्तर आणि डॉक्टरेटची रीतसर सोय केली. १९८० साली फिलाडेल्फियात या मंडळींची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. पुढे तिला जोडूनच डॉक्टरेटच्या निवडक मुलामुलींची एक वेगळी बैठक भरू लागली. आपले अर्धेकच्चे काम घेऊन यायचे आणि दुसऱ्या विद्यापीठांतल्या बुजुर्गांकडून ते उसवून घ्यायचे. शिंप्याकडे कपडा बेतायला टाकतात तसे. एकदा शिवून झाल्यावर बगलेत होते हे कळून काय उपयोग?

तर आमच्या इकडे भाचीचे बेतणे चालले होते. गाव नमुना सात म्हणजे जमीन कुणाची, नमुना बारा म्हणजे तीत पीक कोणते, दोन्ही मिळून सातबारा. १ मे २०१८ पासून तो डिजिटल सहीने मिळू लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकरी स्वतःच मोबाइलवरून पीक नोंदवू लागला, वगैरे तिने छान सांगितले. टाळ्या वाजणार, एवढ्यात झोपलेले सर जागे झाले.

"ही माहिती कोणाला पाहिजे आहे?" त्यांनी विचारले.

भाची म्हणाली, "सर... शेतकऱ्याला."

"कोणत्या?" असे म्हणून ते पुन्हा झोपले.

परतीच्या एस.टी.त ती एक अक्षर बोलली नाही. आठ दिवस त्या सरांचा उद्धार चालला होता. नवव्या दिवशी ती एक पुस्तक घेऊन आली. स्वीडनचे ब्योर्ये लांगेफोर्स, आधी विमानांच्या कारखान्यात हिशेब करणारे, पुढे स्टॉकहोमला प्राध्यापक. त्यांनी एक समीकरण मांडले आहे. त्याचा मथितार्थ असा, की कागदावरची नोंद म्हणजे माहिती नव्हे. वाचणाऱ्याला आधी काय ठाऊक आहे आणि त्याच्यापाशी वेळ किती, यावर तिची माहिती बनते. "मामा, झोपलेल्या सरांनी हेच विचारलं होतं," ती म्हणाली. मला शंका आहे. पण ज्येष्ठांना संशयाचा फायदा द्यावा.

मग आम्ही दोघे गावे हिंडलो. घाटंजी, आर्णी, राळेगाव, केळापूर. एकच सातबारा बँकेच्या माणसाला कर्ज दाखवी, धाकट्या भावाला हिस्सा दाखवी, दलालाला रस्त्याचे अंतर दाखवी. घाटंजी तालुक्यातल्या एका गावात एक बाई भेटली. नवरा दोन वर्षांमागे गेला. कसा, ते आम्ही विचारले नाही; आमच्या जिल्ह्यात ते विचारावे लागत नाही. वारस नोंद झालेली नव्हती म्हणून पीककर्ज अडले होते. तलाठी भला माणूस, त्याने अर्जही लिहून ठेवला होता. अंगठा तेवढा राहिला होता.

"का नाही करत बाई?" भाचीने विचारले.

बाईने पेटीतून प्लास्टिकमध्ये घातलेला सातबारा काढला. "त्याईच्या नावाले कंस करतेत म्हणे," ती म्हणाली.

सातबाऱ्यावरचे नाव कमी झाले की त्याला कंसात घालतात. वडिलांनी असे शेकडो कंस ओढले असतील. मी लहानपणी शेजारी बसून शाई वाळवायला टीपकागद धरीत असे. मला ते नुसते कंस वाटत.

भाचीने तिला काय समजावले ते मी ऐकले नाही. मी बाहेर जाऊन बैलाकडे बघत उभा राहिलो. तासाभराने दोघी तलाठ्याकडे गेल्या.

दुसऱ्या सहामाहीला भाचीने पडदे कमी केले होते. त्या बाईचे सांगायला लागली तेव्हा शुद्धलेखनाचे सर पेन खाली ठेवून ऐकत होते. वयस्कर सर चक्क जागे होते. कोणीच काही विचारले नाही. 'सॅम्पल साइज' म्हणायला बाईंनी तोंड उघडले आणि मिटले.

चार दिवसांनी समितीचा शेरा टपालाने आला. काकूंनी तो माझ्याआधी वाचला आणि जिन्यातूनच मोठ्याने सांगितला : "प्रगती समाधानकारक. पुढील सादरीकरणात कंसाबाबत अधिक खुलासा करावा."