उसन्या बंधनांचा इतिहास

भोरनजीक भाटघर येथे वेळवंडी नदीला अडवून १९२८ साली जे लॉइड धरण पुरे झाले, आणि ज्याच्या जलाशयाला आज येसाजी कंकांचे नाव आहे, त्याच्या दगडचुन्याच्या भिंतीची लांबी पाहणाऱ्याच्या मनात प्रथम भरते. परंतु स्थापत्य जाणणाऱ्याचे लक्ष भिंत जेथे दिसेनाशी होते तेथे जाते, कारण दगडावर नुसता दगड रचून पाण्याचा रेटा थोपवता येत नाही, वरचा मुरूम काढून निखळ कातळ लागेपर्यंत खोदावे लागते आणि त्या कातळातच भिंत रोवावी लागते. मनुष्यदेहात कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, आणि अस्थी यांचा सांधा निसर्गाने याच रीतीने घडविला आहे. कंडरा हाडावर चिकटविलेली नसते. ती प्रथम तंतुमय कूर्चेत, मग चुनखडीने कठीण झालेल्या कूर्चेत आणि अखेर हाडात अशी पायरीपायरीने विलीन होते, आणि अन्यत्र, जेथे अशी उतरंड नसते तेथे, विल्यम शार्पी या स्कॉटिश शरीरशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखले जाणारे तंतू थेट हाडात शिरलेले आढळतात. हा सांधा एकदा तुटला म्हणजे तो पूर्ववत घडविणे कोणत्याही शस्त्रवैद्याच्या हातचे नाही. त्याला करता येते ते इतकेच, की देहाने आपले काम उरकेपर्यंत कंडरा हाडाशी धरून ठेवायची.

धरून ठेवण्याचा हा मामला आपल्याकडे जुना आहे. सुश्रुतसंहितेत एकशे एक यंत्रे आणि वीस शस्त्रे सांगितली आहेत हे पुष्कळांस ठाऊक असते. पण सीवनासाठी कोणते दोरे घ्यावेत याची तेथील यादी अधिक मनोरंजक आहे, कारण तीत अश्मंतकाची साल, ताग, जवस, केस यांच्याबरोबर स्नायूचाही, म्हणजे त्या ग्रंथाच्या भाषेत कंडरेसारख्या तंतूचाही, समावेश आहे. ज्याला शिवायचे तेच शिवण्याचे साधन, हा विचार त्या ग्रंथकाराला मुळीच विलक्षण वाटलेला दिसत नाही.

ग्रंथांतून हाताकडे यावयाचे तर पुण्याच्या आसमंतातच एक प्रसिद्ध दाखला आहे. १७९२ च्या म्हैसूरच्या युद्धात इंग्रज फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा एक इसम टिपूच्या लोकांच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. (लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ने १७९४ च्या ऑक्टोबरात ही हकिकत छापली तेव्हा त्याला शेतकरी जातीचा मराठा म्हटले आहे; हे नाव त्याला कसे पडले ते त्या लेखकासच ठाऊक.) वर्षभराहून अधिक काळ बिननाकाचा राहिल्यावर पुण्यानजीकच्या एका वीटकऱ्याने त्याला नवे नाक दिले. प्रथम मेणाचा नमुना करून तो कपाळावर सपाट पसरला, त्याची रेषा आखून तेवढी कातडी सोलली, भुवयांमध्ये एक चिंचोळा दुवा तेवढा राखला, आणि ती कातडी फिरवून खाली बसविली. टाका घातला नाही. पाण्यात भिजविलेला कात फडक्याच्या पट्ट्यांवर माखून त्यांचे थरावर थर दिले आणि चार दिवस दुसरा कोणताही उपचार केला नाही. पुढे सुमारे पंचविसाव्या दिवशी, नवी कातडी जागच्या रक्तावर जगू लागली असे मानून, तो दुवा कापून टाकला. या वृत्तांतावरून स्फूर्ती घेऊन जोसेफ कार्प्यू याने लंडनात तीच क्रिया केली आणि १८१६ साली तिचे पुस्तक प्रसिद्ध केले, म्हणून युरोपच्या वैद्यकात या अनाम वीटकऱ्याला मानाचे स्थान आहे. मला मात्र त्याच्या कौशल्याइतकाच त्याचा संयम मोलाचा वाटतो: बंधन केव्हा घालावे हे जसे त्याला कळत होते तसे ते केव्हा तोडावे हेही कळत होते. कावसजीच्या हाताविषयी त्या वृत्तांतात पुढे काही नाही. तो परत देणे त्या काळी कोणाच्याच आवाक्यात नव्हते.

हाताची आणि पायाची विद्या पुढील दीडशे वर्षांत वाढली. ज्या स्नायूचा मज्जातंतू मेला त्याच्या कामावर शेजारचा धडधाकट स्नायू तैनात करावयाचा, म्हणजे त्याची कंडरा मूळ ठिकाणाहून सोडवून नव्या हाडावर रुजू करावयाची, ही शस्त्रक्रिया एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात सुरू झाली. अडचण होती ती नव्या ठिकाणी कंडरा टिकविण्याची. हाडाला भोक पाडून त्यातून रेशमी दोरा ओवला तरी ओढ बसताच तो कंडरेचे तंतू चिरीत जाई. अमेरिकेतील स्टर्लिंग बनेल याने १९४४ साली ‘सर्जरी ऑफ द हँड’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्याच्या नावे प्रसिद्ध असलेली युक्ती अशी की, कंडरेत पोलादी तार गुंफावयाची, हाडाच्या बोगद्यातून ती पलीकडच्या कातडीबाहेर काढावयाची, आणि तेथे शर्टाच्या गुंडीसारख्या गुंडीवर तिची गाठ मारावयाची. काही आठवड्यांची मुदत भरली, कंडरेने हाड धरले, की तार कापून दुसऱ्या एका फासाने ओढून घ्यावयाची. देहात परके असे काहीच उरत नसे. वीटकऱ्याचा दुवा आणि बनेलची तार यांचे नाते कोणी दप्तरांत नोंदले नसेल, पण ते एकाच घराण्यातील आहेत असे म्हणावयास हरकत नसावी.

ही विद्या आपल्या प्रांतात ज्या रोग्यांच्या उपयोगी पडली ते कुष्ठरोगी. कुष्ठरोगाने गुडघ्याशेजारचा मज्जातंतू मारला म्हणजे पाऊल वर उचलत नाही, बोटे जमिनीवर घासतात. भोर-वेल्ह्याच्या डोंगरउतारावर, जेथे भातखाचराच्या बांधावरून वा घसरत्या पायवाटेवरून चालल्यावाचून दिवस जात नाही, तेथे असे पाऊल म्हणजे अर्ध्या आयुष्याची जप्तीच. वेलोर येथे पॉल ब्रँड यांनी स्वातंत्र्याच्या सुमारास या रोग्यांच्या हातापायांवर कंडरा फिरविण्याचे काम आरंभिले. पुण्यात कोंढव्याच्या बांदोरवाला कुष्ठरुग्णालयात नोशिर अंतिया यांनी ते पुढील दशकात हाती घेतले, आणि मुंबईस जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचे खाते उभे करतानाही या रोग्यांना त्यांनी दूर लोटले नाही.

येथेच बनेलच्या गुंडीचा तोकडेपणा उघडा पडला. पावलाची शस्त्रक्रिया करताना नडगीमागच्या स्नायूची कंडरा पुढे आणून पावलाच्या हाडात रोवली तर गुंडी तळव्यावर येते. आणि ज्या तळव्याला वेदनाच कळत नाही तेथे गुंडीचा दाब कातडी कुजवीपर्यंत रोगी तक्रार करीत नाही. शिवाय या रोगात पावलाची ती लहान हाडे मुळातच ठिसूळ झालेली असू शकतात. तेव्हा चेंगलपट्टूचे एच. श्रीनिवासन व त्यांचे सहकारी यांनी १९६८ साली निराळी वाट प्रसिद्ध केली: हाडाला हातच न लावता कंडरेच्या टोकाच्या दोन शेपट्या कराव्यात, आणि एक अंगठा उचलणाऱ्या, दुसरी इतर बोटे उचलणाऱ्या कंडरेत शिवून टाकावी. जगात इतरत्र हाडात रोवण्याची साधने अधिकाधिक सूक्ष्म होत असता, येथे रोग्याच्या बधिर कातडीने शस्त्रवैद्याला साधन टाकून द्यावयास लावले, ही गोष्ट या इतिहासात मला सर्वांत लक्षणीय वाटते.

इतर रुग्णांच्या बाबतीत हाडातच रोवण्याचा प्रघात वाढला. खांद्याच्या वाटीच्या काठाला भोके पाडून फाटलेली ऊती शिवण्याची बँकार्टची जिकिरीची शस्त्रक्रिया प्रसिद्ध आहे. १९८० नंतर अमेरिकेत तीच कामगिरी एका बारीक टिटॅनियमच्या खुंट्याकडे सोपविली गेली, ज्याला निकेल-टिटॅनियम या आकार लक्षात ठेवणाऱ्या मिश्रधातूचे वाकडे आकडे होते: भोकात शिरताना ते मिटत आणि आत गेल्यावर उघडून हाडाला धरीत. याच सुमारास, १९८३ साली, लॅम्बर्ट याने गुडघ्याच्या बंधाच्या रोपणासाठी हाडाचा तुकडा बोगद्यात स्क्रूने आवळण्याची पद्धत मांडली. मग धातू काढून टाकावा लागू नये म्हणून देहात विरघळणारे पॉलिलॅक्टिक आम्लाचे स्क्रू आले, क्ष-किरणांना न अडविणारे पीक नामक प्लास्टिक आले, आणि अलीकडे तर खुंटाच न ठेवता फुगीर गाठीचा दोराच हाडात अडकवितात. यांतील प्रत्येक सुधारणेचा हेतू एकच आहे, बंधनाने मागे कमीत कमी ठेवावे.

या यंत्रांच्या सरंजामात रोग्याचे काम विसरले जाते. त्या कुष्ठरोग्याच्या पावलाचेच पाहा: पाऊल आत वळविणारा, नडगीमागचा तो स्नायू आता ते वर उचलण्यास नेमलेला असतो, पण मेंदूला त्याची बदली कळलेली नसते. म्हणून प्लास्टर निघाल्यावर फिजिओथेरपिस्ट रोग्याला पाऊल वर उचलण्यास न सांगता आत वळविण्यास सांगतो, आणि पाऊल वर येते. मग हळूहळू ‘आत’ हा शब्द सोडून देतात.