ऊस घेतो किती, देतो किती?

दौंड तालुक्यात केडगावच्या परिसरात गुऱ्हाळे पुष्कळ. चरकातून रस निघतो, चिपाड उन्हात वाळते आणि तेच चुलवणात जाते. रस आणि तो आटवण्याचे इंधन, दोन्ही एकाच कांड्यात! ब्राझीलने १९७५ साली उसाच्या अल्कोहोलवर मोटारी चालवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, त्याच्या मुळाशी हीच सोय होती. काहिलीच्या जागी बॉयलर आला, एवढेच.

निमित्त होते १९७३ च्या तेलसंकटाचे. मात्र त्याच वर्षी अमेरिकेत डेव्हिड पिमेंटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अवघड प्रश्न विचारला होता : पीक काढायला ऊर्जा किती लागते? ट्रॅक्टरचे डिझेल, खत, सिंचन हे सारे त्यांनी मक्याच्या नावे मांडले. पुढे मक्यापासून इथेनॉल होऊ लागले तेव्हा याच हिशेबावरून वाद पेटला. अमेरिकी कृषिखात्याच्या २००२ च्या अहवालानुसार एक एकक ऊर्जा घातली तर १.३४ एकके परत मिळतात. २००५ मध्ये पिमेंटेल व पॅटझेक यांनी घातली तेवढीही परत मिळत नाही असे म्हटले. मक्याच्या दाण्याबरोबर चिपाड येत नाही, ऊर्ध्वपातनासाठी इंधन बाहेरून आणावे लागते. ब्राझीलच्या उसासाठी मात्र २००४ च्या एका अभ्यासात हे गुणोत्तर आठाच्या घरात निघाले.

हा आठाचा आकडा आपल्याकडे सर्रास सांगितला जातो. आम्हीही वर्गात सांगितला आहे. पण तो साव पावलो राज्यातल्या, मुख्यतः पावसावर वाढणाऱ्या उसाचा आहे. भीमेच्या अलीकडे दौंड, पलीकडे शिरूर. दोन्हीकडे पाऊस साधारण ५०० मिलिमीटर. उसाला लागते २,००० च्या आसपास.

म्हणून आपला हिशेब आपणच करू. हेक्टरी २,००० मिलिमीटर म्हणजे २०,००० घनमीटर पाणी. नदीकाठच्या उपसा योजनेने ते ३० मीटर चढवायचे तर सुमारे ६ गिगाजूल कार्य होते. पंपाची कार्यक्षमता ४० टक्के धरली तर वीज १५ गिगाजूल; ती कोळशापासून एक तृतीयांश कार्यक्षमतेने बनली असेल तर कोळसा ४५ गिगाजूल. सुरू उसाला शिफारशीप्रमाणे २५० किलो नत्र. किलोला ६० मेगाजूल धरून आणखी १५. मशागत व वाहतूक वेगळीच. आता जमेची बाजू. १०० टन उसाच्या रसापासून थेट केले तर सुमारे ७,००० लिटर इथेनॉल, म्हणजे जवळजवळ १५० गिगाजूल. नुसत्या मळीपासून केले तर जेमतेम २३! अर्थात तेव्हा खर्चाचा मोठा वाटा साखरेच्या खात्यावर टाकायला हवा, आणि तो किती, यावरच तज्ज्ञांचे भांडण असते. कालव्याचे पाणी उताराने शेतात आले तर ४५ चा आकडा जवळजवळ पुसला जातो. ऊस तोच, बांध ओलांडला की गुणोत्तर बदलते.

पाण्याचा हा प्रश्न शेजारच्या सातारा जिल्ह्यात, फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने फार पूर्वी हेरला होता. १९७० च्या दशकापासून तिथे गोड ज्वारीवर काम झाले. चार महिन्यांचे पीक, उसापेक्षा पाणी बरेच कमी, कणसाला दाणे आणि ताटात साखर. ऊर्ध्वपातनासाठी सूर्याची उष्णता वापरण्याचे प्रयोगही तिथे झाले. ज्वारीच्या मुलखाला शोभेल असे हे पीक. पण तोडलेल्या ताटातली साखर लवकर घटते, आणि कारखान्यांचे वेळापत्रक उसावर बेतलेले. ते फारसे पसरले नाही.

मे २०१७ मध्ये दौंड तालुक्यातल्या राहू येथे 'प्राज'चा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू झाला. वर्षाला १० लाख लिटर इथेनॉल, तेही चिपाड, पाचट, गव्हाचे काड यांच्या सेल्युलोजपासून. पाचट शेतात जाळण्यापेक्षा हे नक्कीच बरे. चिपाडाचे मात्र तसे नाही. १०० टन उसामागे ३० टन ओले चिपाड निघते. किलोला साडेसात मेगाजूल धरले तर २२५ गिगाजूल, म्हणजे रसातल्या इथेनॉलहूनही जास्त. ते आधीच बॉयलरमध्ये जळून साखर शिजवते आणि उरलेल्याची वीज होते. त्याचे इथेनॉल केले तर बॉयलरमध्ये काय घालणार, हे त्याच वहीत लिहावे लागते.