सापासाठी घरच्या घरी रॅक: सामान कोणतं घ्यावं?



आमच्या घरी दोन कॉर्न स्नेक आहेत, हे गणपतीच्या कार्यक्रमात मुलांनी जाहीर केल्यापासून दोन प्रकारचे लोक भेटतात. काही जण आमच्याकडे चहाला येणं टाळतात, आणि काही जण हळूच विचारतात, "आमच्या लेकालाही हवाय हो, ठेवायचा कशात?" हा लेख दुसऱ्या गटासाठी.

रॅक म्हणजे स्वयंपाकघरातल्या मांडणीसारखा सांगाडा. त्याच्या खणांत प्लास्टिकचे टब ड्रॉवरसारखे सरकतात. टबला झाकण नसतं, वरच्या खणाचा तळ हेच झाकण. त्यामुळे सगळा खेळ मापाचा. टबाची कड आणि वरची फळी यांत जेमतेम १/१६ इंच फट असावी. आम्ही पहिल्या वेळी एकच टब मोजून सगळे खण कापले. एकाच दुकानातले, एकाच नावाचे टबसुद्धा उंचीला थोडे कमीजास्त असतात हे तेव्हा कळलं, आणि साप दोन दिवसांनी वॉशिंग मशीनच्या मागे सापडला. (आजी तेव्हा भारतातून आलेल्या होत्या. तो विषय पुन्हा काढायचा नाही असं घरात ठरलंय.) म्हणून आधी टब आणा, सगळे मोजा, मगच फळी कापा.

टबाच्या तळाशी त्रिकोणात आकडा असतो. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, हे उत्तम. ६ म्हणजे पॉलिस्टायरीन. ते काचेसारखं स्वच्छ दिसतं, पण हवेची भोकं पाडताना तडकतं. भोकं सोल्डरिंग आयर्नने पाडावीत, गॅरेजचं दार उघडं ठेवून आणि आतून बाहेर, म्हणजे धारदार कड सापाच्या बाजूला राहत नाही.

आता फळ्या. सगळ्यात स्वस्त मेलामाईन: पांढरं, गुळगुळीत, पुसायला सोपं. पण आत पार्टिकल बोर्ड असतो आणि कापलेली कड उघडी राहिली की तो पाणी पितो. आमच्या पहिल्या रॅकमध्ये पाण्याची वाटी सांडली, फळी पापडासारखी फुगली आणि टब अडकून बसला. मेलामाईन घ्यायचंच तर प्रत्येक कडेला इस्त्रीने चिकटणारी पट्टी लावा. पाऊण इंची ४ बाय ८ फुटी पत्रा चाळीस किलोच्या आसपास भरतो. एकट्याने उचलू नका, दुकानातच कापून घ्या.

प्लायवुड हलकं आणि स्क्रू घट्ट धरणारं. मात्र पाऊण इंची म्हणून मिळणारं प्लायवुड बहुधा २३/३२ इंचच असतं. पाच खणांत हा फरक साठत जातो. पाण्यात मिसळणाऱ्या पॉलियुरेथेनचे दोन-तीन हात द्या आणि वास पूर्ण जाईपर्यंत साप आत ठेवू नका. सीडरचं लाकूड किंवा भुसा अजिबात नको, त्याच्या तेलाचा सापांना त्रास होतो. डेकसाठी मिळणारं रसायन मुरवलेलं लाकूडही नको.

आमचा दुसरा रॅक फोम पीव्हीसीचा आहे. अर्धा इंची पत्रा पुरतो, वजन मेलामाईनच्या साधारण निम्मं, पाण्याचं भय नाही, साध्या लाकडाच्या करवतीने कापता येतो. महाग आहे, आणि लांब फळी मधे झोल खाते, म्हणून मागे आधार द्यावा. ज्यांना एकदाच करून मोकळं व्हायचंय त्यांनी हेच घ्यावं, असं आमचं मत.

पैसे वाचवायचे तर फळीत वाचवा, उष्णतेत नाही. हीट टेप टबाच्या एका टोकाखाली, साधारण एक तृतीयांश भागात असावी. गरम बाजू ८५ ते ८८ फॅरनहाईट, थंड बाजू ७५ च्या आसपास. थर्मोस्टॅटशिवाय टेप कधीही लावू नका: साप पोट भाजलं तरी जागचा हलेलच असं नाही, आणि आगीची भीती वेगळीच. प्रोब टेप आणि टब यांच्यामध्ये पक्का चिकटवा. तो निसटून खाली पडला तर थर्मोस्टॅटला गार वाटतं आणि तो टेप तापवतच राहतो. फळीत टेपच्या जाडीची खाच कोरली तर टब सरकताना टेप घासत नाही. तारांचे जोड नीट झाका. वायरिंगची सवय नसेल तर जोडलेली टेप विकत घ्या. इंजिनिअर आहोत म्हणून सगळं येतंच असं नाही!

टबाचा आकारही पाहा. प्रौढ कॉर्न स्नेक तीन ते पाच फुटांचा होतो. अरुंद टबात त्याला अंग पसरता येत नाही, म्हणून रॅक पिल्लांसाठी ठीक, मोठ्या सापाला ऐसपैस पेटी द्यावी असं म्हणणारे बरेच आहेत, आणि आम्हालाही ते पटू लागलंय. आमचा मोठा साप आता पेटीत राहतो.

घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर त्याला साप किंवा टब हाताळू देऊ नका. साल्मोनेलाची भीती असते. टब स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवू नयेत. आणि सामान आणण्याआधी आपल्या राज्याचा कायदा पाहा. हवाईत साप पाळायलाच बंदी आहे, इतर राज्यांचे नियम वेगवेगळे आहेत.