फॉरसिथच्या आधीची पायवाट

आज लढाई नाही, आज पचमढी. एका ग्रंथपालाने मला एक पुस्तक दिलं आणि एक सिनेमा सुचवला, आणि त्यामुळे माझी एक चूक मला कळली. चूक इतिहासाची होती, म्हणून ती या मालिकेत सांगतो.

साल १९८८. मी कॅप्टन होतो आणि एका कोर्ससाठी पचमढीच्या छावणीत आलो होतो. कोर्समध्ये प्रत्येकाला वीस मिनिटांचं व्याख्यान द्यावं लागे. मी विषय घेतला ‘पचमढीचा शोध’. तयारी काय, तर बाजारात मिळालेली एक माहितीपुस्तिका. तिच्यात लिहिलं होतं की १८५७ साली बंगाल लान्सर्सचा कॅप्टन जेम्स फॉरसिथ सैन्य घेऊन झाशीकडे निघाला असताना त्याला हे पठार दिसलं. नकाशा लावला, काठी फिरवली, शेवटी टाळ्याही मिळाल्या. मागच्या रांगेत आमचे ग्रंथपाल बसले होते. पन्नाशी उलटलेले, सौंसरकडचे, म्हणजे छिंदवाड्याच्या मराठी मुलखातले. सगळे त्यांना बाबूजी म्हणत.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात गेलो तर टेबलावर एक जाडजूड पुस्तक काढून ठेवलेलं. “साहेब, काल छान बोलले तुम्ही. आता ज्याच्याबद्दल बोलले, त्याचं पुस्तकबी वाचून घ्या.”

‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’, लंडन, १८७१. त्याच वर्षी फॉरसिथ वारला, वय जेमतेम तेहेतीस. म्हणजे जन्म १८३८ चा. मी तिथेच थबकलो. १८५७ मध्ये हा एकोणीस वर्षांचा पोरगा कॅप्टन कसा? शीर्षकपानावर त्याच्या नावापुढे बंगाल स्टाफ कोअर, लान्सर्स नाही. आणि आत त्याने स्वतःच लिहिलंय की तो या डोंगरांत आला १८६२ च्या जानेवारीत, वरून हुकूम मिळाल्यावर. मध्य प्रांत हा नवा प्रांत १८६१ च्या अखेरीस तयार झाला होता, आणि कारभार पुढे रिचर्ड टेंपलकडे आला. सरकारला जंगलाची पाहणी हवी होती आणि डोंगरावर एक बंगला. तो बंगला म्हणजे बायसन लॉज. आजही तो उभा आहे, त्यात संग्रहालय आहे. एकूण काय, झाशीच्या वाटेवर अवचित काही दिसलं वगैरे नाही. सरकारी कामगिरीवर निघालेला अधिकारी, बरोबर बंदूक आणि वही.

पुस्तक मात्र अप्रतिम. शिकारीची वर्णनं आज वाचताना अंगावर काटा येतो, इतके प्राणी तो मारतो. रायफलींवर त्याचं वेगळं पुस्तकही आहे. पण साग कुठे संपतो आणि साल कुठे सुरू होतो, हे तो पायी हिंडून पाहतो. गव्याचा माग कसा काढायचा हे सांगता सांगता गोंडांच्या लिंगोची कथा इंग्रजी पद्यात घालतो. निसर्ग आणि प्रवास यांवर काही वाचायचं असेल आणि शिकार सोसत असेल, तर हे पुस्तक अजूनही पहिलं. चार रात्री जागून मी ते संपवलं.

पाचव्या दिवशी ऐटीत बाबूजींकडे गेलो. म्हटलं, “बाबूजी, १८५७ नाही, १८६२!”

ते शिक्का मारत होते. मान वर न करता म्हणाले, “पाच वर्षांचा फरक काढला साहेब तुम्ही. ‘शोध’ तसाच ठेवला.”

मग त्यांनी त्यांच्या आजीचं सांगितलं. नागपंचमीच्या आधी गावातली माणसं नागद्वारीला निघत. पायी, भर पावसात, डोक्यावर शिधा. आजीने सात वाऱ्या केल्या होत्या आणि तिच्या सासूने त्याहून जास्त. विदर्भातली माणसं आजही जातात. नागद्वारीला, आणि महाशिवरात्रीला चौरागडावर खांद्यावर त्रिशूळ घेऊन. तिथे त्रिशुळांचा नुसता खच पडलेला असतो. फॉरसिथच्या पुस्तकात महादेवाची ही यात्रा आहे, कोरकूही आहेत. मी ती पानं वाचली होती. वाचली, आणि पुढच्या शिकारीकडे वळलो होतो.

त्याच डोंगरांतल्या गुहांमध्ये रंगवलेली चित्रं आहेत, घोडेस्वार आहेत, शिकारी आहेत. १९३० च्या दशकात डी. एच. गॉर्डन या लष्करी अधिकाऱ्याने त्यांचा अभ्यास केला. १८५८ च्या अखेरीस तात्या टोपे नर्मदा ओलांडून सातपुड्यातून मुलताईकडे गेले. नकाशा हातात नसलेली फौज अशा मुलखातून जाते ती स्थानिक वाटाड्यांच्या जोरावरच, हे मी पायदळातला माणूस म्हणून सांगतो. फॉरसिथ येण्याआधी तीन वर्षं! मग शोध कुणी लावला?

निघायच्या आदल्या दिवशी बाबूजींनी सिनेमाचं नाव दिलं, चिठ्ठीवर लिहून: ‘मॅसी साहिब’. प्रदीप कृष्ण यांचा १९८५ चा चित्रपट, पचमढीतच चित्रित झालेला. रघुवीर यादव त्यात इंग्रज अधिकाऱ्याच्या कचेरीतले कारकून आहेत. काळ १९२९. साहेबाला जंगलातून रस्ता हवाय, पैसे नाहीत. कारकून हिशेबात खटपटी करून रस्ता पुरा करतो आणि पुढे त्याचं जे होतं ते बघा, मी सांगत नाही. रस्त्याला नाव कुणाचं लागतं आणि तो बांधतं कोण, हे त्या सिनेमात भाषण न देता दिसतं. शांतपणे बघायचा सिनेमा आहे, कंटाळा आला तरी अर्ध्यावर सोडू नका. याच दिग्दर्शकाने पुढे झाडांचा नाद घेतला आणि २०१३ मध्ये मध्य भारतातल्या रानातल्या झाडांवर पुस्तक काढलं. फॉरसिथ वाचल्यावर ते हातात धरून फिरा. बंदूक नाही, आणि झाडं ओळखायला येतात.

ते पुस्तक पिशवीत घालून मी निवृत्तीनंतर पचमढीला गेलो, बाबूजींना द्यायचं म्हणून. ते केव्हाच गावी परतले होते आणि आता नव्हते. नव्या ग्रंथपाल बाईंनी जुन्या व्याख्यानांची फाइल काढून दिली. माझं टंकलिखित व्याख्यान त्यात होतं. समासात वेगवेगळ्या शाईच्या खुणा होत्या. पुढच्या तुकड्यांतल्या पोरांनी त्यावरूनच व्याख्यानं दिली होती. म्हणजे १८५७, लान्सर्स, झाशी, सगळं माझ्या नावाने पुढे गेलं होतं.

बाईंची परवानगी घेतली. पेनने १८५७ खोडून १८६२ केलं, खाली सही आणि तारीख. मग मथळ्यावर आलो. ‘शोध’ या शब्दावर पेन टेकवून बराच वेळ बसलो. शेवटी तो खोडला आणि वर लिहिलं, ‘फॉरसिथची पचमढी-भेट’.