'क्वीन'बाहेरचा फ्रेडी मर्क्युरी : दोन अल्बम, मोजकी गाणी आणि मृत्यूनंतर आलेला पहिला नंबर

फ्रेडी मर्क्युरी म्हटलं की डोळ्यांसमोर 'क्वीन' हा ब्रिटिश रॉक बँड येतो. पियानोवर बसून गाणारा, गाता गाता उठून अख्खं स्टेडियम आपल्या तालावर नाचवणारा गायक म्हणून जग त्याला ओळखतं. मात्र १९८४ ते १९८८ या काळात याच गायकाने बँडचे नाव बाजूला ठेवून स्वतःच्या नावावरही काम केले. त्यात दोन पूर्ण अल्बम आणि काही सुटी गाणी आहेत. संख्येने हे काम थोडे आहे, पण त्याच्या गाण्याची झेप समजून घ्यायची तर ते टाळता येत नाही.

२०१८ साली आलेल्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' या चित्रपटामुळे या टप्प्याबद्दल एक समज घट्ट झाला आहे. फ्रेडी पैशासाठी बँड सोडून गेला, एकटा पडला आणि शेवटी सगळ्यांची समजूत काढून परत आला, अशी ती कथा. पडद्यावर ती छान वाटते. तारखा लावून पाहिल्या तर मात्र हिशेब जुळत नाही.

थोडक्यात

- मूळ नाव : फारोख बलसारा
- जन्म : ५ सप्टेंबर १९४६, झांझिबार
- शालेय शिक्षण : सेंट पीटर्स स्कूल, पाचगणी (जि. सातारा)
- बँड : क्वीन (१९७० पासून)
- स्वतःच्या नावाचे अल्बम : 'मिस्टर बॅड गाय' (१९८५), 'बार्सिलोना' (१९८८, मोन्सेरात कबाये यांच्यासोबत)
- मृत्यू : २४ नोव्हेंबर १९९१, लंडन

पियानो आला पाचगणीतून

बलसारा हे पारशी कुटुंब. आडनाव आले गुजरातमधल्या बलसार, म्हणजे आजच्या वलसाड गावावरून. वडील बोमी नोकरीनिमित्त झांझिबारला होते. ते बेट तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात होते. मुलगा आठ वर्षांचा झाला तेव्हा आईवडिलांनी त्याला बोटीने भारतात पाठवले आणि पाचगणीच्या वसतिगृहात ठेवले. 'फ्रेडी' हे नाव त्याला शाळेतच पडले.

त्याचा संगीताकडे ओढा आहे हे शाळेच्या लक्षात आले आणि वेगळी फी भरून त्याची पियानोची शिकवणी सुरू झाली. १९५८ च्या सुमारास शाळेतल्या मुलांनी 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. त्यात फ्रेडी मुख्य गायक नव्हता, तो पियानो वाजवत असे. रेडिओवर ऐकलेले रॉक अँड रोल लगेच पियानोवर उतरवून दाखवायचे, ही त्याची खासियत. पुढे आयुष्यभर त्याची गाणी बांधण्याची पद्धत साधारण हीच राहिली. सूर आधी कानात आणि बोटांत, कागद नंतर.

१९६४ च्या जानेवारीत झांझिबारमध्ये क्रांती झाली आणि कुटुंब इंग्लंडला गेले. फ्रेडीने ईलिंगच्या कला महाविद्यालयातून ग्राफिक डिझाइनची पदविका घेतली. १९७० मध्ये गिटारवादक ब्रायन मे आणि ड्रमवादक रॉजर टेलर यांच्यासोबत तो उभा राहिला आणि 'क्वीन' हे नाव त्यानेच सुचवले. बेस गिटार वाजवणारा जॉन डीकन १९७१ मध्ये आला.

पहिला एकट्याचा प्रयत्न, तोही टोपणनावाने

फार कमी जणांना माहीत असते, पण फ्रेडीच्या आवाजातली पहिली रेकॉर्ड 'क्वीन'च्या नावाने निघालेली नाही. १९७३ मध्ये, बँडचा पहिला अल्बम येण्याच्या थोडे आधी, 'लॅरी ल्युरेक्स' या गमतीशीर नावाने एक रेकॉर्ड बाजारात आली. 'आय कॅन हिअर म्युझिक' हे आधीच गाजलेले गाणे त्याने त्यात गायले होते आणि साथीला मे व टेलर होतेच. रेकॉर्ड चालली नाही. पण एक गोष्ट तेव्हापासून दिसते. नाव एकट्याचे असले तरी बँडमधले दोस्त आसपासच होते.

चार गीतकार, एक अल्बम

मग स्वतंत्र अल्बमची गरज का पडली? याचे उत्तर 'क्वीन'च्या रचनेत आहे. बहुतेक बँडमध्ये एक-दोन जण गाणी लिहितात. इथे चौघेही लिहीत आणि चौघांचीही गाणी गाजलेली. 'वी विल रॉक यू' ब्रायन मेचे, 'अनदर वन बाइट्स द डस्ट' जॉन डीकनचे, 'रेडिओ गा गा' रॉजर टेलरचे आणि 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' फ्रेडीचे. एका अल्बममध्ये नऊ-दहा गाणी बसणार, म्हणजे एकाच्या वाट्याला दोन किंवा तीन. उरलेल्या चालींचे काय करायचे?

हा प्रश्न एकट्या फ्रेडीचा नव्हता. रॉजर टेलरने १९८१ आणि १९८४ मध्ये स्वतःचे अल्बम काढले. ब्रायन मेने १९८३ मध्ये 'स्टार फ्लीट प्रोजेक्ट' केला. म्हणजे फ्रेडी या वाटेने जाणारा पहिला नव्हता, उलट उशिरा गेलेला होता.

१९८४-८५ : म्युनिकमधले दिवस

सुरुवात एका जुन्या चित्रपटाने झाली. फ्रित्झ लांग यांच्या १९२७ सालच्या 'मेट्रोपोलिस' या मूकपटाला संगीतकार जॉर्जिओ मोरोडर यांनी १९८४ मध्ये नव्या संगीताची जोड दिली. त्यासाठी फ्रेडीने मोरोडर यांच्यासोबत 'लव्ह किल्स' हे गाणे केले. ब्रिटनच्या यादीत ते दहाव्या क्रमांकावर पोहोचले.

त्यानंतर आला पूर्ण अल्बम. 'मिस्टर बॅड गाय' २९ एप्रिल १९८५ रोजी प्रसिद्ध झाला. म्युनिकच्या म्युझिकलँड स्टुडिओत तो तयार झाला आणि 'क्वीन'सोबत आधी काम केलेले मॅक हेच सहनिर्माते होते. ब्रिटनमध्ये 'क्वीन' ईएमआय कंपनीकडे होता, हा अल्बम मात्र सीबीएस कंपनीने काढला. सगळी ११ गाणी फ्रेडीची. रॉकपेक्षा नाचाच्या तालाकडे कल जास्त, सिंथेसायझरचा भरपूर वापर, तर शीर्षकगीतात भलामोठा वाद्यवृंद. बँडमध्ये जे चौघांच्या संमतीने ठरले असते ते इथे एकाच्या मर्जीने झाले. अल्बमच्या अर्पणपत्रिकेतही ही मर्जी दिसते. अल्बम त्याने आपल्या जेरी नावाच्या मांजरीला आणि जगभरच्या मांजरप्रेमींना अर्पण केला आहे!

विक्रीचे काय? ब्रिटनमध्ये अल्बम सहाव्या क्रमांकापर्यंत गेला, म्हणजे अगदीच पडला असे म्हणता येत नाही. अमेरिकेत मात्र १५९ व्या क्रमांकावर थांबला. 'आय वॉज बॉर्न टू लव्ह यू' ब्रिटनमध्ये ११ वर, 'लिव्हिंग ऑन माय ओन' ५० वर आणि 'मेड इन हेवन' ५७ वर. 'क्वीन'च्या आकड्यांशी तुलना केली तर हे फिकेच. ही तीन नावे मात्र लक्षात ठेवायला हवीत, कारण त्यांची गोष्ट इथे संपत नाही.

बँड फुटला होता का?

नाही. 'क्वीन'चा 'द वर्क्स' हा अल्बम फेब्रुवारी १९८४ मध्ये आला. त्याच वर्षी युरोपचा दौरा झाला. जानेवारी १९८५ मध्ये ब्राझीलच्या 'रॉक इन रिओ' महोत्सवात बँड गायला. एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलिया, मे महिन्यात जपान. म्हणजे 'मिस्टर बॅड गाय' दुकानात आला त्या दिवसांत फ्रेडी 'क्वीन'सोबतच दौऱ्यावर होता. १३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर 'लाइव्ह एड'चा तो प्रसिद्ध कार्यक्रम झाला, तो जपान दौऱ्यानंतर दोनच महिन्यांनी. वर्षानुवर्षे न भेटलेले चौघे तिथे एकत्र आले, असे काही घडलेले नाही.

आजाराचेही तसेच. चित्रपटात फ्रेडी 'लाइव्ह एड'पूर्वी साथीदारांना आपल्या आजाराची कल्पना देतो. प्रत्यक्षात, जवळच्या माणसांनी पुढे सांगितल्याप्रमाणे, निदान १९८७ मध्ये झाले.

आणखी एक मुद्दा. स्वतःच्या नावाने फ्रेडीने कधीच दौरा केला नाही. दौरा करायचा तो 'क्वीन'सोबत, हे त्याने शेवटपर्यंत पाळले.

दुसऱ्याची गाणी, आपला आवाज

१९८६ मध्ये डेव्ह क्लार्क यांच्या 'टाइम' या लंडनमधल्या संगीत नाटकासाठी त्याने दोन गाणी ध्वनिमुद्रित केली. इथे माइक मोरान या पियानोवादकाशी त्याचा सूर जुळला. ही जोडी पुढे फार कामाची ठरली.

त्याच वर्षी ९ ऑगस्टला नेबवर्थ इथे 'क्वीन'चा कार्यक्रम झाला. फ्रेडीसोबतचा बँडचा तो शेवटचा जाहीर कार्यक्रम ठरला. दौरे थांबल्यावर हाताशी वेळ आला. १९५० च्या दशकात 'द प्लॅटर्स'ने गाजवलेले 'द ग्रेट प्रिटेंडर' त्याने मोरान यांच्यासोबत नव्याने केले. फेब्रुवारी १९८७ मध्ये आलेले हे गाणे ब्रिटनमध्ये चौथ्या क्रमांकावर गेले. हयातीत स्वतःच्या नावावर मिळालेले हे त्याचे सर्वांत मोठे यश. गंमत अशी की ते गाणे त्याने लिहिलेले नव्हते.

'बार्सिलोना' : ऑपेरा आणि रॉक एका पंगतीत

स्पेनच्या सोप्रानो गायिका मोन्सेरात कबाये यांच्या आवाजावर फ्रेडीची भक्ती होती. मार्च १९८७ मध्ये बार्सिलोनाच्या रिट्झ हॉटेलात दोघांची भेट झाली. फ्रेडीने सोबत नेलेली ध्वनिफीत त्यांना ऐकवली. तीत शब्द नसलेली, नुसत्या आलापांची एक रचना होती. कबाये यांना ती आवडली. फ्रेडीच्या मनात एखादे गाणे होते, पूर्ण अल्बमचा आग्रह कबाये यांचा.

काम सोपे नव्हते. कबाये यांचे ऑपेराचे कार्यक्रम आधीच ठरलेले. मग फ्रेडी त्यांच्या वाट्याच्या जागा स्वतःच उंच, बायकी आवाजात गाऊन ठेवायचा आणि त्या ऐकून कबाये आपला भाग गायच्या. चाली फ्रेडी आणि मोरान यांनी मिळून बांधल्या. दोन गाण्यांच्या शब्दांत टिम राइस यांचा हात होता. एका गाण्यात जपानी शब्द आहेत. आलापांची ती मूळ रचना कबाये यांनी दिलेल्या स्पॅनिश शब्दांसह अल्बममध्ये आली. 'हाऊ कॅन आय गो ऑन' या गाण्यात बेस गिटार वाजवली आहे जॉन डीकनने. इथेही बँड दाराशी होताच.

१९९२ चे ऑलिंपिक बार्सिलोनाला मिळाल्याचे १९८६ मध्येच जाहीर झाले होते. 'बार्सिलोना' हे शीर्षकगीत ऑक्टोबर १९८७ मध्ये आले आणि ब्रिटनमध्ये आठव्या क्रमांकावर गेले. पुढच्या वर्षी ८ ऑक्टोबरला बार्सिलोनात स्पेनच्या राजा-राणीसमोर दोघांनी तीन गाणी सादर केली, मात्र आवाज ध्वनिमुद्रित होता. दोन दिवसांनी अल्बम प्रसिद्ध झाला. फ्रेडीचे रंगमंचावरचे हे शेवटचे मोठे सादरीकरण. आजाराची कल्पना असूनही त्याने हे काम पूर्णत्वाला नेले, हे आज मागे वळून पाहताना कळते. प्रेक्षकांना तेव्हा त्यातले काहीच ठाऊक नव्हते.

उरलेली ताकद त्याने पुन्हा 'क्वीन'ला दिली. १९८९ च्या 'द मिरॅकल' अल्बमपासून चौघांनी ठरवले की गाणे कुणीही लिहो, श्रेय सगळ्या बँडचे. वेगवेगळी खाती बंद झाली आणि एकच सामाईक खाते उरले.

मागे उरलेला हिशेब

२३ नोव्हेंबर १९९१ रोजी फ्रेडीने एड्स झाल्याचे जाहीर केले. दुसऱ्याच दिवशी, वयाच्या ४५ व्या वर्षी तो गेला. आठ महिन्यांनी बार्सिलोनात ऑलिंपिक भरले तेव्हा गायक हयात नव्हता. पुन्हा प्रसिद्ध केलेले 'बार्सिलोना' मात्र ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले.

आता ती तीन नावे. १९८५ मध्ये ५० व्या क्रमांकावर अडकलेल्या 'लिव्हिंग ऑन माय ओन'ची नवी रिमिक्स १९९३ मध्ये आली आणि ऑगस्टमध्ये ब्रिटनच्या यादीत थेट पहिली ठरली. एकट्या फ्रेडीच्या नावावरचा हा पहिला आणि एकमेव पहिला क्रमांक. 'मेड इन हेवन' आणि 'आय वॉज बॉर्न टू लव्ह यू' ही दोन गाणी उरलेल्या तिघांनी घेतली, फ्रेडीचा आवाज तसाच ठेवला, गिटार-ड्रम नव्याने वाजवले आणि १९९५ च्या 'क्वीन'च्या अल्बममध्ये घातली. त्या अल्बमचे नावच 'मेड इन हेवन'. बँडमध्ये जागा न मिळालेली गाणी अशी शेवटी बँडमध्येच आली.

२०१२ मध्ये 'बार्सिलोना' अल्बम खऱ्या वाद्यवृंदाच्या साथीने पुन्हा काढण्यात आला. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये लंडनला सदबीजने फ्रेडीच्या वस्तूंचा लिलाव केला. त्यात १९७५ मध्ये घेतलेला त्याचा यामाहा पियानो १७ लाख पौंडांहून अधिक किमतीला, म्हणजे साधारण १८ कोटी रुपयांना गेला. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' त्याच पियानोवर बांधलेले.

ऐकायचे असेल तर

नव्याने ऐकणाऱ्यांनी तीन गाण्यांपासून सुरुवात करावी. नाचाच्या तालातला फ्रेडी कळण्यासाठी 'लिव्हिंग ऑन माय ओन'चे १९८५ चे मूळ रूप, गळ्याची ताकद कळण्यासाठी 'बार्सिलोना' आणि तिसरे 'टाइम वेट्स फॉर नो वन'. हे तिसरे म्हणजे १९८६ च्या नाटकासाठी गायलेले 'टाइम'च. तेव्हा ते भरगच्च कोरससह आले होते. २०१९ मध्ये बाकी सगळे काढून फक्त फ्रेडीचा आवाज ठेवला गेला आणि माइक मोरान यांनी साथीला नव्याने पियानो वाजवला. एक आवाज आणि एक पियानो, बाकी काही नाही.