‘ताण’ हा शब्द नव्हता तेव्हा

कामगारांच्या ताणतणावावर संशोधन करायचं म्हटलं की आपण आधी प्रश्नावली शोधतो. मीही तेच केलं. जागतिक आरोग्य संघटनेची जीवनमानाची २६ प्रश्नांची प्रश्नावली मिळाली, ताण मोजायची कोहेन यांची १९८३ ची मापनश्रेणीही मिळाली. इतिहासाची दोन पानं पूर्वपीठिकेपुरती लिहू म्हणून १८८४ च्या मुंबईत शिरलो, आणि तिथंच अडकलो.

त्या वर्षी सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. ‘दीनबंधु’चे संपादक, सत्यशोधक, स्वतः गिरणीत स्टोअरकीपर राहिलेला माणूस. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनसाठी तयार झाला. मागण्या बघा: रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, आणि कामावर जबर दुखापत झाली तर बरं होईपर्यंत पूर्ण पगार.

१८८१ च्या कायद्यात कामाच्या तासांची मर्यादा फक्त मुलांपुरती होती. मोठ्या माणसाच्या तासांना मर्यादाच नव्हती. रविवारची सुट्टी मिळायला १० जून १८९० उजाडला. (आपल्या परभणीला याचा उपयोग नव्हता. आपण निजामाच्या राज्यात, ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा इकडे लागू नव्हता.)

मी लगेच तक्ता केला: विसावा म्हणजे शारीरिक क्षेत्र, पगार म्हणजे परिसराचं क्षेत्र. तक्ता छान दिसत होता, पण चुकीचा होता. आपण ज्या अर्थानं ताण म्हणतो तो अर्थ हान्स सेल्ये यांच्या १९३६ च्या लेखापासून रुळत गेला. तो १८८४ च्या तोंडी घालता येत नाही. शिवाय प्रश्नावली विचारते, तुम्ही किती समाधानी आहात? अर्जाचं म्हणणं वेगळं आहे: भोंगा कधी वाजायचा, हे एकट्या मालकानं ठरवू नये. कॅरासेक यांनी १९७९ मध्ये जे मांडलं, की कामाचं ओझं जास्त आणि हातात निर्णय कमी असला की ताण वाढतो, त्याच्या जवळ हा अर्ज जातो.

पुढचा प्रसंग तर फारच बोलका. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची अडचणच संपली. दिवस चौदा-पंधरा तासांचा झाला. कापड गिरण्यांतल्या पुरुषांना १२ तासांची मर्यादा मिळाली ती १९११ च्या कायद्यानं.

हे वाचून मी आपल्याकडच्या जिनिंगकडे परत आलो. जिनिंगचं काम हंगामी. दिवाळीच्या आसपास कापूस येतो, उन्हाळ्यापर्यंत गाडा चालतो, मग काम बंद. आणि जीवनमानाची प्रश्नावली विचारते फक्त मागच्या दोन आठवड्यांबद्दल! जानेवारीत विचारलं तर थकवा सापडेल, जूनमध्ये विचारलं तर उधारी. म्हणून माझ्या आराखड्यात आता दोन फेऱ्या आहेत, एक हंगामात आणि एक काम बंद झाल्यावर. २६ प्रश्नांच्या आधी एक साधा प्रश्नही टाकलाय: तुमची सुट्टी कोण ठरवतं?