दोन शहरं, एक चित्र

मंडळी, मागच्या वेळी आपण युद्धांबद्दल बोललो. आज त्याच दोन शहरांमधल्या चित्रांबद्दल बोलू. फ्लॉरेन्स आणि सिएना. अंतर रस्त्यानं सत्तरेक किलोमीटर, म्हणजे पुण्याहून लोणावळा गाठावं इतकंच. आणि वैर मात्र पिढीजात. १२६० साली मोंतापेर्तीच्या रणात सिएनानं फ्लॉरेन्सचा दारुण पराभव केला होता.

आता गंमत बघा. त्यानंतर पंचवीसच वर्षांनी, १५ एप्रिल १२८५ रोजी, फ्लॉरेन्समधल्या सांता मारिया नोव्हेल्ला चर्चच्या लौदेसी मंडळींनी एका चित्रकाराशी करार केला. ही मंडळी मेरीची स्तोत्रं गाणारी. आपल्याकडचं भजनी मंडळच म्हणा ना! चित्रकार कोण? दुच्चो, सिएनाचा. मोबदला १५० लिरा. सोनं आणि रंग त्यानं पदरचे घालायचे. आणि चित्र पसंत पडलं नाही तर पैसे नाहीत, चित्र घरी घेऊन जा! अटी कडक खऱ्या, पण शत्रूच्या गावचा माणूस चालणार नाही, असं कुणी म्हटलं नाही. साडेचार मीटर उंचीची ती मेरी आज 'रुचेल्लाई मॅडोना' म्हणून ओळखली जाते.

खरा घोटाळा पुढेच झाला. सोळाव्या शतकात वझारीनं कलावंतांची चरित्रं लिहिली. त्यानं हे चित्र फ्लॉरेन्सच्याच चिमाबुएच्या नावावर टाकलं, वर लोकांनी ते वाजतगाजत चर्चमध्ये नेलं अशी कथाही जोडली. मिरवणूक निघाल्याची पक्की नोंद आहे ती १३११ सालची, सिएनातली, दुच्चोच्याच 'मायेस्ता' या दुसऱ्या चित्राची. आमचा तर्क असा की आठवण एका गावची, ती दुसऱ्या गावाला चिकटली. १८५५ मध्ये लेटन या इंग्रज चित्रकारानं वझारीच्या मिरवणुकीचं भलंमोठं चित्र काढलं, आणि ते खुद्द व्हिक्टोरिया राणीनं विकत घेतलं.

जुना करार तोवर छापून झाला होता, बरं का! पण कागद समोर असूनही नजर बदलायला वेळ लागतो. आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, तरी 'नाव' आणि 'वस्तू' यांची इतकी घट्ट गाठ क्वचितच पाहिली. १८८९ मध्ये फ्रान्झ विकहॉफ यांनी चित्र दुच्चोचं असल्याचं मांडलं. तरीही वाद काही दशकं चाललाच.

आता ते उफिझी संग्रहालयात आहे, चिमाबुए आणि जोत्तो यांच्या मेरींच्या सोबतीला. पाटीवर नाव दुच्चोचं.